उदारमतवादाचा वारसा आणि वऱ्हाडचा कापूस

(इंझोरी, जि. वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘उदारमतवादी’ हा शब्द आपल्या चळवळीत बहुधा शिवीसारखाच वापरला जातो. उदारमतवादी म्हणजे भांडवलदारांचा वकील, ही समजूत अर्धीच खरी आहे.

हा विचार जन्मला तो राजाच्या मनमानीविरुद्ध. इंग्लंडमध्ये १६८८ साली राजा पदच्युत झाला आणि पुढल्याच वर्षी जॉन लॉकचा राज्यशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. सत्ता ईश्वरदत्त नसून प्रजेच्या संमतीवर उभी असते, आणि विश्वासघातकी सत्ता उलथून टाकण्याचा प्रजेला हक्क आहे, हे त्याचे सार होय. जमिनीत श्रम मिसळल्याने तिच्यावर हक्क उत्पन्न होतो, असेही लॉक म्हणतो. या सिद्धांताचा आधार पुढे न कसणाऱ्या जमीनदारांनीच घेतला, ही गोष्ट निराळी!

ॲडम स्मिथचा १७७६ चा ग्रंथ म्हणजे तर मक्तेदारीवरील आरोपपत्रच. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर त्याने कठोर टीका केली. मजुरी वाढू नये म्हणून मालकांचे मूक संगनमत सदैव चालू असते, हेही त्यानेच लिहिले. बाजारस्वातंत्र्याचे आजचे पुरस्कर्ते ती पाने उलटीत नाहीत.

हे तत्त्वज्ञान वऱ्हाडात कोणत्या वेषात आले? कंपनीने १८५३ साली हा प्रांत निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) मँचेस्टरला कापूस मिळेनासा झाला तेव्हा येथील भाव चढले. यादवी संपताच ते कोसळले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. व्यापारात सरकारने हात घालू नये असे सांगणाऱ्या राज्यकर्त्यांनी रेल्वे कंपनीच्या भांडवलाला मात्र ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. तूट भरून निघे ती रयतेच्या करांतून. १८७६–७८ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा लिटनच्या सरकारला धान्यबाजाराच्या स्वातंत्र्याची आठवण झाली. १८९६ साली तर लँकेशायरच्या समाधानासाठी देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. याला मुक्त व्यापार कसे म्हणावे?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात नेमके येथेच बोट ठेवले. इंग्रजी अर्थशास्त्राची गृहीतके त्रिकालाबाधित नाहीत. भांडवल आणि श्रम जेथे जागचे हलत नाहीत, तेथे राज्यसंस्थेने उद्योग उभारणीस साह्य केले पाहिजे, असे ते म्हणाले. राज्यसंस्था परक्यांची होती, ही त्या अपेक्षेची मर्यादा. पण अर्थशास्त्र बदलताना रानड्यांनी व्यक्तिस्वातंत्र्य टाकून दिले नाही. १९७५ साली मिसाखाली तुरुंगात गेलेल्या समाजवाद्यांनी न्यायालयात काय मागितले? विनाचौकशी कैद नको, एवढेच. आणि ही मागणी लॉकच्याच परंपरेतील होती.

आता एक अप्रिय गोष्ट. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी आपल्यापैकी अनेकांना समाजवादाचे पाऊल वाटली. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा, हा हेतू योग्यच होता. परंतु चुकारे रखडत, आणि राज्याबाहेर चांगला भाव असला तरी तेथे कापूस नेण्यास बंदी असे. १९७९ नंतर शरद जोशींच्या सभांना विदर्भातील शेतकरी हजारोंनी लोटला, तो काही स्मिथ वाचून नव्हे. खरेदीकेंद्रावर बैलगाडीत रात्र काढलेल्या माणसाला मक्तेदारी म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. ती सरकारी आहे, एवढ्याने त्याचे समाधान कसे व्हावे?