पाणीवाली बाई : एका समाजसेविकेचे कार्य व विचार
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. अशा मंगल प्रसंगी देवाधर्मावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आजच्या भाषणाचा विषय थोडा निराळा आहे. ज्या बाईने देऊळ बांधले नाही, पण हजारो घरांत पाण्याचा नळ पोहोचावा म्हणून आयुष्य वेचले, त्या गोरेगावच्या मृणालताई गोरे यांचे हे स्मरण आहे.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरचे आडनाव मोहिले. डॉक्टर होण्यासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले होते. परंतु राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या या मुलीने ते शिक्षण सोडले आणि समाजकार्यात उडी घेतली. 1948 साली सेवा दलातलेच कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि गोरेगाव ही त्यांची कर्मभूमी ठरली. दहाच वर्षांत, 1958 साली, बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. अशा वेळी एखादी बाई घरात बसली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. ताईंनी पतीच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला आणि त्यांचे काम पुढे चालवले.

सेवा दल म्हटले की साने गुरुजींची आठवण होते. पंढरीच्या विठोबाचे दार हरिजन बांधवांना उघडावे म्हणून गुरुजींनी मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण केले. त्याआधी वीस वर्षे, 1927 साली, महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला होता. देवाचे दार आणि पाण्याचा काठ, या दोन ठिकाणी माणुसकीची परीक्षा होते, हे महाराष्ट्राने असे शिकले आहे. मृणालताई ह्याच शिकवणुकीतल्या.

आता गोरेगावची त्या काळची स्थिती पाहावी. 1957 साली गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. गावोगावची माणसे पोटासाठी मुंबईला येत होती, कारखान्यात आणि डेअरीत कामाला लागत होती, चाळीत नाहीतर डोंगरउतारावरच्या झोपडीत राहत होती. वस्ती वाढली, पण नळ वाढले नाहीत. आश्चर्य असे की मुंबईला पाणी देणारा विहार तलाव 1860 पासून जवळच्याच डोंगरात आहे. त्याच्या शेजारच्या वस्त्यांतल्या बायका मात्र रात्री-अपरात्री हंडा घेऊन रांगेत उभ्या. अडचण पाण्याची तर होतीच, पण कागदाचीही होती. जागा अधिकृत नाही म्हणून नळ नाही, आणि नळ नाही म्हणून ती माणसे जणू वस्तीतच नाहीत!

1961 साली मृणालताई महापालिकेवर निवडून आल्या आणि हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे निघू लागले. अधिकाऱ्यांना घेराव पडू लागले. 'पाणीवाली बाई' हे नाव कोणा सभेने दिले नाही. ते लोकांच्या तोंडून आले. सरकार-दरबारी ज्यांचे काम पडते त्यांना ठाऊक आहे की नुसता अर्ज फायलीत झोपून राहतो आणि नुसता मोर्चा दुसऱ्या दिवशी विसरला जातो. अर्जाची पोच हातात ठेवून मोर्चा निघाला, आणि मोर्चा परतल्यावर पुन्हा अर्जाचा पाठपुरावा झाला, तरच नळाला पाणी येते. ताईंनी सभागृहात प्रश्न मांडला आणि रस्त्यावरही मांडला. दोन्ही ठिकाणी टिकून राहिल्या, म्हणूनच काम तडीस गेले.

1972 च्या दुष्काळात महागाईने कहर केला. तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा ताईंनी अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते आदींसह महिलांची संयुक्त समिती उभी केली. कोणी समाजवादी, कोणी कम्युनिस्ट. निवडणुकीत एकमेकींविरुद्ध काम करणाऱ्या पक्षांतल्या या बायका रेशनच्या प्रश्नावर एकत्र आल्या. ज्यांनी कधी उंबरठा ओलांडला नव्हता अशा गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी ताई विधानसभेवर गेल्या. आणीबाणीत त्या भूमिगत झाल्या आणि 1975 च्या डिसेंबरात पकडल्या गेल्या. 1977 साली उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा घरोघरी पोहोचली. पुढे 1985 साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भातच मुलगी खुडण्याच्या दुष्ट प्रथेविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. गर्भजल परीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, तो देशातला पहिला. केंद्राचा कायदा त्यानंतर 1994 साली आला.

गरिबाला शहरात हक्काचे छप्पर मिळावे, ही त्यांची दुसरी तळमळ. 1976 च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्यातली जादा जमीन गोरगरिबांच्या घरांना मिळावी, यासाठी बाबुराव सामंत आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषदेद्वारे झगडा दिला. दीर्घ लढ्यानंतर गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सहा हजारांवर घरे उभी राहिली. तो कायदा महाराष्ट्रात 2007 साली रद्द झाला. घरे मात्र उभी आहेत. 17 जुलै 2012 रोजी ताईंचे निधन झाले. गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला आज त्यांचे नाव आहे.

श्रोतेहो, या जीवनातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली ही, की पाणी, रेशन, निवारा या गोष्टी उपकार म्हणून मागायच्या नसतात, हक्क म्हणून मागायच्या असतात. ताईंनी बायकांना टँकर वाटले असते तर त्या दोन दिवस दुवा देऊन पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या असत्या. त्यांनी बायकांना विचारायला शिकवले. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर अनधिकृत म्हणून माणसाला तहानलेले ठेवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. गोरेगावच्या बायका तेच किती आधीपासून सांगत होत्या!

दुसरी गोष्ट, कामापुढे पक्ष, जात, भावकी यांना जागा नाही. लाटणे सर्व घरांत सारखेच असते.

तिसरी गोष्ट चिकाटीची. देवळाच्या कामाला कळसाचा दिवस असतो, त्या दिवशी काम पुरे झाले म्हणता येते. लोकसेवेला असा दिवस नाही. एका वस्तीला नळ आला की पलीकडची वस्ती हंडा घेऊन उभी असते. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसासारखी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरोघरी नळ देण्याची योजना केंद्राने 2019 साली जाहीर केली. नळ बसणे निराळे आणि नळाला पाणी येणे निराळे, हे माताभगिनींना सांगायला नको.

म्हणून या शुभप्रसंगी एकच विनंती आहे. देणगीदारांनी सढळ हाताने दिले, त्यांची नावे फरशीवर कोरली गेली, ती योग्यच झाली. देवळाचा जमाखर्च जसा पै-पैसह मांडला जातो, तसाच नळपाणी योजनेचा हिशेबही ग्रामसभेत वाचला जावा. तो ऐकायला पुरुषांइतक्याच बायका पुढच्या रांगेत बसाव्यात. देवळासाठी घरटी वर्गणी गोळा करताना जी एकी दिसली, ती पाण्याच्या टाकीसाठीही दिसावी. देवळाच्या आवारातले पाणी कोणत्याही वाडीतल्या माणसाने न विचारता प्यावे. कळस झळकला, पण सुनेच्या डोक्यावरचा हंडा तसाच राहिला, असे कोणत्याही गावाविषयी कोणी म्हणू नये.

मृणालताईंचे नाव नळावर कोठे कोरलेले नाही. पण सकाळी पाणी आले की जुन्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना ते आठवते. देवाच्या दारी जमलेल्या सर्वांना अशा कामाची बुद्धी आणि ते तडीस नेण्याचे बळ लाभो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र!