मेमरी चिपची परीक्षा
महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात जुन्या यंत्राचं कंट्रोल कार्ड अडलं, की ६२२५६ सारख्या मेमरी चिपवरही संशय जातो. तिच्यात ३२,७६८ बाइट. ती तपासायला आर्डुइनो मेगा या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने सगळीकडे शून्य लिहून शून्यच वाचलं, तर चिप चांगली आहे हे सिद्ध होत नाही. पत्त्याची एखादी पिन तुटलेली असली तरी शून्यच मिळतं. म्हणून त्यानंतर पहिल्या पत्त्यापासून शून्य वाचायचं, लगेच तिथे २५५ लिहायचं आणि पुढे सरकायचं. दोन पत्ते एकाच जागी पोचत असतील, तर पुढच्यावर शून्याऐवजी २५५ दिसतं आणि दोष उघडा पडतो.

१६ मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर ७० नॅनोसेकंदांच्या चिपचा वेग काय तपासणार, हा आक्षेप रास्त आहे. पास झालेली चिप यंत्रात दगा देऊ शकते. पण जोडणी नीट असताना, सावकाश वाचूनही जी चुकते, ती खुशाल बदलावी.