पदार्थविज्ञानाची पदवी आणि कर्जाचा हप्ता
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हांला नेमून दिलेला विषय घरोघरचा आहे. बारावीनंतर मुलाने अथवा मुलीने पदार्थविज्ञान घेण्याची इच्छा व्यक्त केली, की वडील विचारतात, "पुढे काय?" आणि आई विचारते, "किती वर्षे?" आमच्या मते आईचा प्रश्न अधिक नेमका आहे. कर्जाचे व्याज विषय पाहत नाही. ते वर्षे मोजते.

अभियंता साधारणतः बाविसाव्या वर्षी मिळवता होतो. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला एम्.एस्सी. होईपर्यंत तेविसावे वर्ष लागते आणि पीएच्.डी. होईपर्यंत अठ्ठाविसावे. या दहा वर्षांच्या धास्तीने पुष्कळ पालक मुलाचा कल मोडतात. परंतु ही सारीच वर्षे बिनमिळकतीची नसतात. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा रु. ३७,००० आणि पुढे रु. ४२,००० मिळतात; घरभाडे निराळे. पाच वर्षांची बेरीज सुमारे २४ लाख रुपये होते. अणुऊर्जा खात्याच्या, १९५७ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणशाळेतही निवड झालेल्या एम्.एस्सी. विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते. या निवडी कठीण असतात, सर्वांना त्या साधत नाहीत, हेही मुलांपुढे स्पष्ट मांडले पाहिजे.

आता कर्जाकडे वळू. समजा, एका विद्यार्थ्याच्या डोक्यावर परतफेडीच्या आरंभी ५ लाखांचे कर्ज आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर २० लाखांचे. व्याज दोघांनाही द. सा. द. शे. १० आणि मुदत १० वर्षांची. पहिल्याचा मासिक हप्ता सुमारे रु. ६,६०० येतो, दुसऱ्याचा रु. २६,४००. दोघांनाही रु. ३७,००० ची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिल्याच्या हाती रु. ३०,४०० उरतात आणि दुसऱ्याच्या हाती अवघे रु. १०,६००. बुद्धी तीच, विषय तोच. परंतु एकाचे संशोधन चालू राहते आणि दुसऱ्याला मिळेल ती नोकरी धरावी लागते. ज्या विषयासाठी कर्ज काढले, तो विषयच कर्जापायी सुटावा, यासारखा तोटा नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की पहिली पदवी शक्यतो बिनकर्जाची अथवा अल्प कर्जाची असावी. आपण बदलीच्या नोकरीवाले. राज्य सरकारांच्या पुष्कळ शिष्यवृत्त्यांना अधिवासाची अट असल्यामुळे आपली मुले ना इकडची, ना तिकडची ठरतात. परंतु भोपाळ, मोहाली, तिरुपती, बऱ्हामपूर आदी ठिकाणच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था किंवा भुवनेश्वरची 'नायसर' यांच्या प्रवेशपरीक्षा अखिल भारतीय आहेत. घराजवळचे चांगले सरकारी महाविद्यालयही कमी प्रतीचे समजू नये. मोठे कर्ज काढणे भागच असेल, तर ते पुढच्या टप्प्यासाठी राखावे. तोवर मुलाचा कल आणि कुवत दोन्ही पारखली गेलेली असतात.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापिलेल्या निधीची शिष्यवृत्ती ही कर्जरूपच असते. राजा रामण्णा आणि जयंत नारळीकर हे पदार्थविज्ञानातील दोघेही तिचे मानकरी. नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे तेही आपल्यासारखेच परप्रांतातले मराठी कुटुंब. जयंतरावांची पहिली पदवी १९५७ साली तेथलीच, केंब्रिज त्यानंतरचे.

कर्ज काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. शिक्षण चालू असताना व त्यानंतर एक वर्ष बहुधा हप्ता नसतो. व्याज मात्र चढतच असते. ५ लाखांवर ते दरसाल ५०,००० रुपये होते. तेवढे घरून भरता आले, तर मुद्दल फुगत नाही. दुसरे असे, की एम्.एस्सी.नंतर वर्षभराने हप्ता सुरू होतो, तेव्हा पीएच्.डी. अर्ध्यावरही आलेली नसते. त्या काळात सवलत मिळेल काय, हे बँकेकडून आधीच लेखी घ्यावे. जामिनासाठी येथे नातलग नसतात. अशा घरांना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेचा आधार आहे. निवडक संस्थांतील शिक्षणासाठी तीत तारण व जामीन लागत नाही.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. मुलीच्या लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढताना आपला हात कचरत नाही, तिच्या एम्.एस्सी.साठी मात्र कचरतो. निधीच्या नियमांना दोन्ही कारणे मान्य आहेत. ऋण काढून सण करू नये, असे आपण म्हणतो. मग सणासाठी साठवायचे आणि शिक्षणासाठी मात्र मुलीला ऋण काढायला लावायचे, हा कोणता न्याय?

आपल्या मंडळात बँकांतून निवृत्त झालेले सभासद आहेत, प्राध्यापकही आहेत. बारावीच्या निकालानंतर त्यांनी दोन संध्याकाळ मंडळाच्या कार्यालयात बसावे आणि मुलांनी, त्यांच्या आईवडिलांसह, कागद-पेन्सिल घेऊन यावे, एवढी आमची विनंती आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षी तिचा आरंभ व्हावा.