परसातील कोंबड्या आणि जंतांचा उपद्रव



पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि कारखान्यांची रांग पुढे चाकणपर्यंत पोहोचली. या स्थित्यंतरात शेते गेली, तरी खुराडे पुरते गेले नाही. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो, म्हणून त्याचे मोल अधिक.

बदलले ते अंगण. पूर्वी कोंबडी उकिरडा, खळे, बांध हिंडून येई. आता भिंतींमधील चार हात जागेत ती जेथे शिटते तेथेच टिपते. गोलकृमींना याहून सोयीचे स्थान कोणते? विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी ओलसर, उबदार मातीत दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात व महिनोन्‌महिने टिकतात. पट्टकृमींचा मार्ग निराळा. मुंग्या व भुंगेरे टिपल्याने ते पोटात जातात.

तुरा फिका पडणे, खाऊनही अंग न धरणे, अंडी कमी होणे ही लक्षणे. तीन महिन्यांच्या आतील पिलांना धोका अधिक. गोलकृमींच्या गुंत्याने आतडे तुंबून ती दगावतातही. पुष्कळदा दोष मात्र दृष्टीला किंवा खाद्याला दिला जातो!

पिपरॅझिन हे स्वस्त औषध पाण्यातून देता येते. रात्री पाणी काढून घ्यावे व सकाळी औषधाचेच पाणी ठेवावे. ते पूर्ण वाढलेल्या गोलकृमींवर चालते, आतड्याच्या भित्तीतील अळ्यांवर फारसे नाही. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा मात्रा हवी. पट्टकृमींवर त्याचा उपयोग नाही, त्यांस दुसरे औषध लागते. यास्तव पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठा तपासून घेणे व मात्रा विचारणे अगत्याचे आहे. औषधानंतर किती दिवस अंडी खाऊ अथवा विकू नयेत, हेही तेथेच विचारावे.

तथापि कोंबडीला औषध आणि जमिनीला काहीच नाही, तर खर्च वाया जातो. जंतांच्या अंड्यांवर जंतुनाशकांचा प्रभाव थोडाच. ऊन व कोरडेपणा मात्र त्यांना मानवत नाही. खुराड्यातील तूस कोरडे ठेवावे, ओले झालेले काढावे, विष्ठा रोज खतखड्ड्यात टाकावी, पाण्याचे भांडे उंचावर ठेवावे, पिले व तलंगा मोठ्या कोंबड्यांपासून वेगळ्या डालाव्यात. शेजारच्या कोंबड्या एकाच बोळात चरत असतील, तर एका घरचा उपचार पुरत नाही. पंचायतीने पावसाळ्यापूर्वी दिवस ठरवून साऱ्या वाडीला एकदम औषध द्यावे. मानमोडीची लस द्यावयाची असल्यास त्याआधी आठवडाभर.