कॅमेरा गावात येतो तेव्हा: परवानगी कुणाची, हिशोब कुणाला?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. मैत्रिणींच्या मागणीवरून छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा आणि बाकीच्यांनी चर्चा करावी.)



बचत, कर्ज, परतफेड यावर आपण दर महिन्याला बोलतो. आज मला विषय दिलाय शूटिंगचा. हसू नका. वाईकडच्या मैत्रिणींना विचारा. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं, तो पिक्चर आला 2004 साली. 'दबंग' 2010 चा, तोही वाईतला. आता तर मालिका आहेत, वेब सिरीज आहेत, लग्नाआधीचं शूटिंग आहे. नदीचा घाट, गायरान, देवराई, जुनी वेस, शाळेचं पटांगण, जिथं जागा दिसायला बरी तिथं गाड्या येऊन थांबतात.

आणि या जागा वापरतं कोण? धुणं घाटावर कुणाचं? गायरानात शेरडं कुणाची? म्हणून हा विषय आपला.

पहिल्यांदा एक जुनी गोष्ट सांगते. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो 1913 साली लोकांनी पाहिला. त्याचं बाहेरचं चित्रीकरण वांगणी गावाकडं चालू होतं. नट मंडळी लाकडी ढाली-तलवारी घेऊन निघाली, तर गावाला वाटलं दरोडेखोरच आले! पाटलाला वर्दी गेली, फौजदार आला, आणि सगळ्यांना धरलं, असं सांगतात. आपण हसतो, पण चूक गावाची नव्हती. गावाला कुणी सांगितलंच नव्हतं. परवानगीचा कागद असतो तो त्यासाठी. कोण आलंय, कशाला आलंय, किती दिवस राहणार, हे ज्यांची जागा आहे त्यांना आधी कळलं पाहिजे.

त्याच पिक्चरची दुसरी गोष्ट बायकांची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या, रात्री फिल्मचं काम करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. नाव झालं फाळक्यांचं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आता काय होतं ते बघा

एका गावात मी बैठकीला गेले होते. तिथं शूटिंगसाठी आठ दिवस घाट बंद होता. बाया धुणं डोक्यावर घेऊन वरच्या डोहापर्यंत जात होत्या. मी विचारलं, परवानगी कुणी दिली? एक म्हणाली, पंचायतीनं. पंचायतीत विचारलं तर म्हणाले, तोंडी बोलणं झालं होतं. पैसे किती आले? कुणी म्हणे देवळाला दिले, कुणी म्हणे गणपतीच्या वर्गणीत दिले. पावती एकसुद्धा नाही. गाड्या गेल्या, आणि घाटावर राहिले प्लॅस्टिकचे ग्लास आणि खिळे.

यात शूटिंगवाल्यांना शिव्या देऊन काय उपयोग? त्यांनी विचारलं, कुणीतरी 'हो' म्हटलं, ते आले. प्रश्न असा आहे की 'हो' म्हणायचा अधिकार कुणाचा होता.

जागा कुणाची, ते आधी बघा

गावात सगळ्या जागा सारख्या दिसतात, पण मालक वेगवेगळे असतात. सातबारा काढला की कळतं.

ग्रामपंचायतीच्या ताब्यातली जागा असेल, म्हणजे चावडी, बाजारतळ, पंचायतीचं सभागृह, तर अर्ज ग्रामपंचायतीकडं येतो. सरपंचाच्या घरी चहा पिऊन परवानगी होत नाही. अर्ज, ठराव, पावती, या तीन गोष्टी झाल्या तर परवानगी.

गायरान ही सरकारी जमीन, देखरेख पंचायतीची. तिथं मोठा सेट लावायचा, खड्डे काढायचे, तर नुसतं पंचायतीचं पत्र पुरत नाही. तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारावं लागतं.

जंगल असेल तर वन विभाग. अभयारण्य असेल तर नियम आणखी कडक. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, त्यात 2022 ला दुरुस्ती झाली. अभयारण्यात चित्रीकरणाला परवाना मिळू शकतो, पण तिथल्या अधिवासात काही बदल न करता आणि प्राण्यांना त्रास न होता. म्हणजे झाड तोडून रस्ता केला, रात्री झगझगीत दिवे लावले, हे चालत नाही. कासच्या पठाराचंच बघा. तिथं कातळावर मातीचा पातळ थर, त्यात ती फुलं. शंभर माणसं एक दिवस उभी राहिली तर पुढच्या वर्षीचं फूल जातं. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालाय, जसा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली मिळाला, तिथं त्या जंगलाची राखण आणि व्यवस्था ग्रामसभेच्या हाती असते. अशा गावाला डावलून कुणी पुढं जाऊ नये.

किल्ला, लेणी, जुनं देऊळ असेल तर पुरातत्त्व खातं. त्यातही दोन आहेत, एक केंद्राचं, एक राज्याचं. रायगड केंद्राकडं, राजगड राज्याकडं. गावाच्या शिवेत असला तरी गावाच्या पत्रावर तिथं कॅमेरा लावता येत नाही.

राज्य सरकारची एक खिडकी पद्धतही आहे. गोरेगावची चित्रनगरी चालवणारं महामंडळ ती बघतं, अर्ज ऑनलाइन होतो. कुणी म्हणालं की, 'आम्हाला वरून परवानगी आहे,' तर घाबरायचं नाही आणि भांडायचंही नाही. म्हणायचं, 'चांगलं झालं दादा, कागद दाखवा.' त्यात आपल्या जागेचं नाव आहे का, तारखा कुठल्या, अटी कुठल्या, ते वाचायचं.

ग्रामसभेत काय विचारायचं

वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. तिथं हे सात प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या.

1. अर्ज कुणाचा? कंपनीचं नाव, पत्ता, जबाबदार माणसाचा फोन.
2. जागा नेमकी कुठली आणि दिवस किती? 'पंधरवडाभर' नाही, तारीख ते तारीख.
3. पाणवठा, घाट, शाळेची वाट, दवाखान्याची वाट बंद होणार का? झाली तर रोज किती वेळ मोकळी ठेवणार?
4. भाडं किती, अनामत किती? ते ग्रामनिधीत जमा होऊन पावती मिळणार का?
5. कचरा, खड्डे, तुटलेली पायरी कोण नीट करणार? ते झाल्यावरच अनामत परत.
6. रात्री दहानंतर भोंगे आणि जनरेटर? रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरवर तशीही बंदी आहे.
7. गावातल्या कुणाला काम मिळणार, आणि किती रोजानं?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. लिहिलं नाही तर बोललं नाही, हे आपण गटाच्या वहीतून शिकलोय. पुढं कुणी हिशोब दाखवला नाही तर माहितीचा अधिकार आहे, 2005 चा कायदा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही दहा रुपये लागत नाहीत.

बाईमाणसाची अब्रू, लेकरं आणि जनावरं

घाटावर कॅमेरा असला की आपणही त्यात येतो. तुमचा चेहरा, तुमचं घर दाखवायचं तर तुम्हाला विचारलं पाहिजे. 'नको' म्हणायला लाजू नका. आणि आंघोळ करताना, कपडे बदलताना कुणी चोरून चित्रण केलं तर तो सरळ सरळ गुन्हा आहे, शूटिंगवाला असो की गावातलं पोरगं. पोलिसांत जायचं.

लेकरू पिक्चरमध्ये दिसणार म्हटलं की आईला आनंद होतो. होऊ द्या. पण कायदा माहीत असू द्या. लहान मुलाला कामाला घ्यायचं तर निर्मात्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायची. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. शाळा बुडता कामा नये. मिळालेल्या पैशातले किमान वीस टक्के मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. आपल्या बँक सखीनं हे गावागावांत सांगावं.

तुमची बैलजोडी, शेळी, घोडं मागितलं तरी विचारा. चित्रपटात जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी निर्मात्याला लागते. बैल आपला म्हणून कागद लागत नाही, असं नाही.

जेवणाची ऑर्डर

आता सरस्वतीबाईंची आठवण काढा. शूटिंग आलं की शंभर माणसांना चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण लागतं. आपल्या गटांना यात चांगलं काम आहे. पण 'ताई, तुमच्या हातची भाकरी लय भारी' एवढ्यावर चूल पेटवायची नाही. ताटाचा दर, ताटांची संख्या, आगाऊ रक्कम, बाकी कधी, हे लेखी घ्या, गटाच्या नावानं घ्या, पैसे गटाच्या खात्यावर घ्या. अन्न नोंदणी काढलेली असू द्या. आणि ग्रामसभेत परवानगीचा ठराव होतानाच सुचवा की जेवण, धुणं, साफसफाईचं काम आधी गावच्या गटांना विचारावं. परवानगी देऊन झाल्यावर मागितलं तर ती विनवणी होते. आधी मागितलं तर ती अट होते.

आपण कॅमेरा धरतो तेव्हा

दुसरी बाजूही सांगते, कारण आता आपणही शूटिंगवाल्या झालोय. पापड-मसाल्याची जाहिरात, गटाच्या यशाची गोष्ट, सगळं मोबाइलवर काढतो. घरात, शेतात काढा, कुणाची हरकत नाही. पण एसटी स्थानक, रेल्वे फलाट, किल्ला, जंगल, दवाखाना, शाळा इथं जाहिरातीसाठी काढायचं तर आधी विचारा. शाळेत मुख्याध्यापकांना, स्थानकात आगार व्यवस्थापकांना. ते वरच्या कार्यालयाकडं पाठवतील तर तिकडं जा. काही गटांकडं फवारणीचं ड्रोन आलंय. त्याच्यावर कॅमेरा बांधून गडावर उडवायचा नाही. ड्रोनला 2021 पासून वेगळे नियम आहेत, आणि कुठं उडवायचं याचा नकाशा सरकारनं ठरवून दिलाय.

अर्ज साधा असतो. असा लिहा:

'महोदय, आमचा महिला बचत गट अमुक गावचा आहे. गटाच्या उत्पादनाची माहिती देणारी पाच मिनिटांची चित्रफीत अमुक तारखेला सकाळी आठ ते अकरा या वेळेत अमुक जागी करायची आहे. सोबत सहा महिला, एक मोबाइल, एक तिपाई असेल. लोकांच्या येण्याजाण्यास अडथळा होणार नाही, कचरा राहणार नाही. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.'

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. जो नियम मुंबईच्या कंपनीला लावायचा, तोच आपल्याला. आपण विचारून काढलं तरच दुसऱ्याला 'कागद दाखवा' म्हणायचं तोंड राहतं.

मैत्रिणींनो, शूटिंग गावात येऊ नये असं मी म्हणत नाही. येऊ द्या. चार पैसे येतील, गाव पडद्यावर दिसेल, पोरांना कौतुक वाटेल. पण घाट सगळ्यांचा असेल तर 'हो' सगळ्यांनी मिळून म्हणायचं, आणि पैसेही सगळ्यांना दिसतील अशा वहीत लिहायचे. आपण दर आठवड्याला वीस रुपयांचा हिशोब दहा जणींसमोर मांडतो. मग गावाच्या जागेचा हिशोब गावासमोर मांडायला अवघड ते काय?

प्रत्येक ग्रामसंघानं एवढं करावं: गावातल्या सार्वजनिक जागांची यादी करा, प्रत्येकीपुढं मालक कोण ते लिहा, आणि येत्या महिला सभेत ते सात प्रश्न वाचून दाखवा. गाडी वेशीवर येऊन थांबेपर्यंत वाट बघू नका.