रात्री पाठ टेकायची कुठे?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

आम्ही स्वतःची गाडी घेऊन लडाख-स्पीतीला जातो, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो तो गाडीचा. कोणती गाडी? फोर व्हील ड्राइव्ह आहे का? लिटरला किती देते? दुसरा प्रश्न खाण्यापिण्याचा. तिसरा थंडीचा. पण आजवर एकानेही विचारलं नाही की, अहो, तुम्ही झोपलात कुठे? दिवसाचे आठ-दहा तास गाडीत गेले तरी सहा-सात तास आडवं पडावं लागतंच. आणि माणूस आजारी पडतो तो बहुधा याच सहा-सात तासांत.

आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली आहे. गाडी, टायर, पेट्रोलचे कॅन हे सगळं ह्यांच्याकडे. अंथरूण-पांघरूण माझ्याकडे. त्यामुळे चुका झाल्या त्याही बऱ्याचशा माझ्याच, आणि त्याच आज सांगणार आहे.

पहिल्या खेपेला, २००८ साली, आम्ही स्पीतीला गेलो आणि जिप्सीतच झोपलो. ह्यांनी मागची बाकं काढून तिथे प्लायवूडची फळी बसवली, मी त्यावर फोमची गादी कापून घातली. घरच्या अंगणात एक रात्र झोपून पाहिलं. छान झोप लागली. अंगणात मागचं दार उघडं होतं आणि ह्यांचे पाय बाहेर होते, ही गोष्ट चंद्रतालच्या तळावर पोचल्यावर लक्षात आली. सव्वाचार हजार मीटरवर दार उघडं टाकून झोपता येत नाही. रात्रभर हे पाय पोटाशी घेऊन आणि मी दाराला टेकून. सकाळी पाहिलं तर काचांवर आतल्या बाजूने बर्फाची साय धरलेली. दोन माणसांच्या श्वासातली वाफ, दुसरं काय! ऊन लागताच ती वितळून टपटप अंथरुणावर. तेव्हापासून गाडीत झोपायची वेळ आलीच तर समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवतो. थंडी थोडी जास्त लागते, पण अंथरूण कोरडं राहतं.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोळे चुरचुरत नाहीत. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो.

तर मग जमिनीवरचा तंबू. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तो नवा नाही, पण तिकडची जमीन वेगळी. थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. नुसती हवा भरायची गादी घेतली तर आतली हवा थंडगार होते आणि माणूस पाण्यावर झोपल्यासारखा कुडकुडतो. आम्ही खाली घोंगडी, त्यावर कॅरीमॅट, त्यावर स्लीपिंग बॅग असा थर लावतो. घरची कापसाची गादी नेऊन पाहिली, ती एकदा दमट झाली की परत येईपर्यंत दमटच. घोंगडीचं तसं नाही. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब टिकवते. धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

स्लीपिंग बॅगवरचा आकडा हाही एक चकवाच. पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘उणे दहा’ लिहिलेलं असतं, आपण खूश होऊन घरी येतो. मीही आले होते. चांगल्या कंपन्या ज्या युरोपीय प्रमाणानुसार आकडे देतात, त्यात आकडे एकाहून जास्त असतात. एक आरामाचा, म्हणजे साधारण बाई ज्या तापमानात निवांत झोपू शकेल तो. दुसरा मर्यादेचा, म्हणजे साधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कसाबसा रात्र काढू शकेल तो. तिसरा तर नुसता जिवानिशी वाचण्याचा. मोठ्या अक्षरात आरामाचा आकडा क्वचितच असतो. बारीक अक्षरातला तो शोधा आणि त्यावरूनच खरेदी करा, विशेषतः माझ्या भगिनींनी. बॅग पिसांची असेल तर ती भिजू देऊ नका, ओली पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते.

आता गाडीच्या टपावरचा तंबू. २०१४ साली माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, नवी गाडी घेतली आणि तिच्यावर हा तंबू चढवला. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला होता. दहा मिनिटांत उघडतो, आत गादी अंथरलेलीच, दगड टोचत नाहीत, ओल नाही. उणीव एवढीच की त्याचं वजन पन्नास-साठ किलो, म्हणजे एक माणूस कायमचा टपावर बसवल्यासारखं. तिरक्या रस्त्यावर गाडीचा तोल वर जातो. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तो आकडा गाडी चालू असतानाचा, आणि त्यात कॅरियरचंही वजन धरायचं. एवढं सगळं बघूनच भाऊजींनी तो घेतला होता. शिडीचा विचार मात्र आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

आम्ही मनालीहून निघालो, एक रात्र केलाँगला राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सरचूला पोचलो. भाऊजी आणि जाऊ टपावर, आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा पुतण्या खाली तंबूत. रात्री एकच्या सुमारास जावेची हाक आली, “ताई, ह्यांना बघा ना, काहीतरी वेगळंच बोलताहेत.” डोकं ठणकत होतं, उलट्या झाल्या होत्या, आणि उभं राहायला गेले तर तोल जात होता. अशा माणसाला शिडीवरून खाली आणायचं! वारा सुटलेला, पायऱ्यांवर हिमाचा थर. हे खाली उभे राहून एकेक पाय हाताने पायरीवर ठेवत होते, वरून जावेने काखेत धरलेलं. सात-आठ पायऱ्यांना किती वेळ लागला कोण जाणे.

उंचीचा त्रास आणि त्यात तोल जायला लागला की औषध एकच, खाली उतरणं. पण भाऊजींची गाडी हलणार कशी? तिच्यावर तंबू उघडा. मिटायला गेलो तर पट्टे ताठरलेले, चेन अडकलेली, बोटं बधिर. शेवटी तो नाद सोडला आणि जिप्सी काढली. आम्ही जमिनीवर झोपलो होतो म्हणून तेवढी ती मोकळी होती.

आणि सरचूची गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की ते दोन खिंडींच्या मधोमध आहे. ढाबेवाला म्हणाला ते खरंच होतं, इथून खाली जायचं तर आधी वर जावं लागतं. मनालीच्या बाजूला बारालाचा, जवळजवळ ४,९०० मीटर. लेहच्या बाजूची वाट त्याहून वर चढते. उजाडेपर्यंत थांबावं का, असं मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली. वर गेलो तरी तासाभराचंच, पलीकडे उतारच उतार. दोन वाजता तिघं निघून गेले. पुतण्याला घेऊन मी ढाब्याच्या पॅराशूटच्या तंबूत गेले. तिथे ओळीने खाटा मांडलेल्या असतात आणि जाड रजया मिळतात. ट्रकवाले घोरत होते. पोरगा झोपला. मी बसून राहिले.

मोबाइलला रेंज नव्हतीच. सकाळ झाली, दहा वाजले, बारा वाजले. पुतण्या दर अर्ध्या तासाने विचारायचा, “काकू, आता पोचले असतील ना?” दुपारी दोनच्या सुमारास लेहकडे जाणारा एक ट्रक थांबला, ड्रायव्हरने खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढून माझ्या हातात ठेवला. जावेचं अक्षर होतं. “उतार पडला. दारच्याला ह्यांनी स्वतः चहा मागून घेतला.”

दुसऱ्या दिवशी हे परत आले. दिवसाउजेडी, चौघांच्या मदतीनेसुद्धा तो तंबू मिटायला अर्धा तास लागला. भाऊजींची गाडी मी चालवत खाली आणली. लेह त्या वर्षी राहिलं ते राहिलंच.

चूक तंबूची नव्हती. चूक होती उंचीच्या हिशेबात. मनाली सुमारे २,०५० मीटर, केलाँग ३,१००, सरचू जवळपास ४,३००. डॉक्टर मंडळी सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त चढवू नये. आम्ही बाराशे चढवली होती. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, रात्र कुठे काढता ते महत्त्वाचं. म्हणून स्पीतीला आम्हाला काही झालं नव्हतं. किन्नौरमार्गे काल्पा, नाको, काझा असं हळूहळू चढत गेलो होतो. २०१६ साली श्रीनगरहून गेलो. झोजिला ओलांडली, पण झोपलो कारगिलला, जे लेहपेक्षा आठशे मीटर खाली आहे. सगळे ठणठणीत. २०२० साली अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून मनालीहून निघून त्याच संध्याकाळी सरचू गाठणं फारच सोपं झालं आहे. ओळखीतलं कुणी तसा बेत आखताना दिसलं की मी त्यांना केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढायला लावते. वाईटपणा येतो, येऊ दे.

त्या रात्रीपासून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. गाड्या दोन असोत की एक, एक तरी गाडी अशी उभी करायची की तिच्यावर, तिच्यात, तिला बांधलेलं काही नाही. तोंड रस्त्याकडे, किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत. तंबू गाडीच्या आडोशाला, पण दोरी गाडीला बांधायची नाही. आणि नाल्याच्या पात्रात कधीच नाही; सकाळी घोटाभर दिसणारं पाणी दुपारनंतर वरचा बर्फ वितळला की गुडघ्यापर्यंत येतं.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक. उंचीसाठी डॉक्टर जी गोळी देतात तिने लघवीला वारंवार होते. दोन-तीनदा उठावं लागतं. त्यात शिडी असेल तर विचार करून ठेवा.

बाकी बारीकसारीक गोष्टी. झोपताना गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवावी, सकाळी तेच पाणी प्यायला. छोट्या स्टोव्हची गॅसची डबीसुद्धा बॅगेतच घ्यावी. साधा ब्युटेन गोठणबिंदूच्या आसपास बाहेर यायलाच तयार नसतो आणि चहा अडतो. ह्यांना हे आवडत नाही, अंथरुणात डबी टोचते म्हणतात. चहा मात्र लागतो.

भाऊजींनी तो तंबू विकलेला नाही. डिसेंबरात कोकणात जाताना गाडीवर चढवतात, शिडीच्या पायऱ्यांना आता रबर लावलंय. मागच्या खेपेला मलाही म्हणाले, “वहिनी, एकदा वर झोपून बघा.” बघितलं. समुद्राचा वारा छान लागतो. पहाटे मात्र खाली उतरून घोंगडीवरच झोपले.