आटे पाडायचा फॉर्म आणि न विचारलेला प्रश्न

आजचा एपिसोड जरा लोखंडाच्या वासाचा आहे. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो, पण घर उचगावचं. एका बाजूला शिरोली एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला गोकुळ शिरगाव. आमच्याकडं दर चार घरांत एक माणूस लेथवर उभा राहिलेला सापडतोच. आमच्या घरात तो माणूस म्हणजे काका. त्यांचं छोटं शॉप आहे, त्यात एक जुना सीएनसी लेथ.

आता तुमच्या हातातल्या बाटलीचं झाकण फिरवून बघा. जे फिरतंय ते आटे. लोखंडावर असे आटे पाडायचे तर जॉब एक फेरा फिरला की टूल बरोबर एक पिच पुढं सरकलं पाहिजे. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. एम२० चा नेहमीचा बोल्ट घेतला तर पिच २.५ मिलिमीटर. स्पिंडल ५०० आरपीएमवर असेल तर टूल मिनिटाला १२५० मिलिमीटर पळणार. आणि हे एका दमात होत नाही. तोच आटा चौदा-पंधरा वेळा थोडा थोडा खोल करायचा, आणि प्रत्येक वेळी टूल त्याच खाचेत उतरलं पाहिजे. साध्या लेथवर हे गिअर आणि हाफ नटवर सांभाळायचे. सीएनसीवर स्पिंडलचा एन्कोडर दर फेऱ्याला एक खूण देतो, मशीन त्या खुणेची वाट बघतं आणि मगच निघतं.

काका काय करायचे? जी९२ वापरायचे. त्यात प्रत्येक पासचा व्यास स्वतः लिहायचा. कॅल्क्युलेटर घेऊन पंधरा ओळी. मी म्हटलं, "काका, जी७६ आहे की! दोन ओळींत सगळं." ते म्हणाले, "आहे रं, पण त्यातली अक्षरं कोण लक्षात ठेवणार?"

खरं होतं त्यांचं. फॅनुकच्या जी७६ मध्ये पी दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ वेगळा. पहिल्या ओळीत पी०२१०६० म्हणजे दोन फिनिश पास, शेवटी एक पिचभर तिरकं बाहेर पडणं, आणि ६० अंशांचं टूल. दुसऱ्या ओळीत पी म्हणजे आट्याची खोली, तीही मायक्रॉनमध्ये, पॉइंट न देता. लिनक्ससीएनसी वापरलंत तर तिथं पी म्हणजे थेट पिच! एकच अक्षर, तीन अर्थ.

मग मी एका रविवारी फोनवर उघडणारा फॉर्म बनवला. साइज टाका, लांबी टाका, प्रोग्राम तयार. हिशेब सोपा आहे. बाहेरच्या मेट्रिक आट्याची खोली म्हणजे पिच गुणिले ०.६१३४. २.५ पिचला १.५३ मिलिमीटर. पहिला पास ०.४ खोल. पण दुसरा ०.८ नाही, ०.५७. तिसरा ०.६९. चौथा ०.८. का? टूल व्ही आकाराचं आहे. जितकं खोल जाईल तितकं जास्त रुंदीनं कापतं. म्हणून दर वेळी सारखाच माल निघावा यासाठी खोली पासच्या आकड्याच्या वर्गमुळानं वाढवायची. हे जी७६ आपोआप करतं. काका हेच तीस वर्षं हाताच्या अंदाजानं करत होते.

पहिले दोन महिने एकदम भारी. चुलतभाऊ नुकताच शॉपमध्ये आला होता, तोही धडाधड आटे पाडायला लागला. मी खूश.

आणि मग एक ऑर्डर आली. एम२०, पण पिच १.५. बारीक आटा. भावानं साइजमध्ये एम२० टाकलं. पिचची जागा माझ्या फॉर्मनं स्वतःच २.५ नं भरली, कारण मीच तसं लिहिलं होतं. सोपं व्हावं म्हणून. पहिला जॉब निघाला, त्यानं शॉपमधला एम२० चा नट फिरवला. मस्त बसला. बसणारच, तो नटही २.५ चाच होता! असे २२ जॉब गेले, आणि सगळे परत आले.

दुरुस्ती होईना. १.५ पिचला आट्याच्या तळाशी १८.१६ व्यास उरायला हवा होता, आमच्याकडं १६.९३ उरला होता. कोडमध्ये चूक झाली तर मी मागचं व्हर्जन आणतो. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही. मटेरियल काकांच्या खिशातून गेलं.

भाऊ मान खाली घालून उभा. काका त्याला काही बोलले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "तुझ्या फोननं पिच विचारलंच न्हाई की रं."

ते वाक्य मला कुठल्याही कोड रिव्ह्यूपेक्षा जास्त लागलं. जी९२ लिहिताना काका ड्रॉइंग तीनदा बघायचे. त्या पंधरा ओळींचा कंटाळा मी काढला, पण त्याच्याबरोबर ते तीनदा बघणंही काढून टाकलं.

आता फॉर्म बदललाय. पिचची जागा रिकामी असते, ड्रॉइंग बघून हातानं टाकावी लागते. प्रोग्रामच्या सुरुवातीला एक खरचटा पास येतो. टूल जॉबवर जेमतेम रेघ ओढतं आणि मशीन थांबतं. पिच गेज लावायचं, जुळलं तरच पुढं स्टार्ट दाबायचा. आणि पहिला जॉब ड्रॉइंगप्रमाणं रिंग गेजवर तपासायचा, हाताला लागेल त्या नटावर नाही. हा खरचटा पास काकांनी सांगितला. जुने टर्नर तसंच करतात म्हणे. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं.

यात मिनिटभर जास्त जातं. भाऊ कुरकुरतो. काका मात्र आता फॉर्म वापरतात.

तुम्हीही कुणासाठी काही सोपं करत असाल, ॲप म्हणा, एक्सेल म्हणा, तर आधी त्या माणसाशेजारी एक दिवस उभे राहा. तो कुठं थांबतो ते बघा. त्यातलं कुठलं थांबणं कामाचं आहे ते त्यालाच विचारा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर काळजी घ्या!